फ्लॉरेन्सचं म्युझियो गॅलिलिओ: बायबल वाचणाऱ्यांनी तर बघायलाच हवं

इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन उफ्फिझीचं चित्रांचं म्युझियम आणि डेव्हिडचा पुतळा एवढंच बघून परत येणार असाल तर प्लीज अर्धा दिवस अजून काढा. उफ्फिझीला अगदी लागूनच, आर्नो नदीच्या काठावर पलाझ्झो कास्तेल्लानी नावाचा जुना दगडी वाडा आहे, त्यात म्युझियो गॅलिलिओ आहे. आपल्याकडचे बहुतेक ग्रुप टूरवाले इथे नेत नाहीत, त्यांच्या यादीत चर्च, पूल, लेदर मार्केट आणि जेलाटो एवढंच असतं, त्यामुळे स्वतःच वेळ काढून जावं लागतं. माझ्याकडून 5 पैकी 5, आणि का ते जरा सविस्तर लिहिते कारण मी हे ठिकाण नुसती टुरिस्ट म्हणून नाही बघितलं. मी नगरकडची, चर्चमध्येच लहानाची मोठी झालेली, शाळेत फिजिक्स शिकवते आणि रविवारी संडेस्कूलचा वर्ग घेते. "मिस, सायन्स खरं की बायबल खरं" हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला जातो. या म्युझियममध्ये त्या प्रश्नाचा इतिहास लाकूड, पितळ आणि काचेच्या रूपात समोर ठेवलेला आहे.

आधी बेसिक माहिती. हे म्युझियम 1930 पासून याच वाड्यात आहे, 1966 च्या नोव्हेंबरमध्ये आर्नोला जो भयंकर पूर आला त्यात याचंही खूप नुकसान झालं होतं, मग 2010 मध्ये सगळी मांडणी नव्याने करून आत्ताचं नाव दिलं. एकूण 18 दालनं, पहिल्या मजल्यावर इथल्या मेदिची राजघराण्याने जमवलेली यंत्रं आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांच्यानंतर आलेल्या लोरेन घराण्याची. उफ्फिझीसारखी धक्काबुक्की नाही, एकेका कपाटापुढे निवांत उभं राहता येतं.

पहिल्या मजल्यावर तिसऱ्या दालनात गेलात की समोर एक प्रचंड सोनेरी गोल दिसतो, माणसापेक्षा कितीतरी उंच, आतमध्ये कड्यात कडी, त्यात अजून कडी, आणि सगळ्याच्या मधोमध एक छोटीशी पृथ्वी. आंतोनियो सांतुच्ची नावाच्या माणसाने हा 1588 ते 1593 या काळात ग्रँड ड्यूक फर्दिनांदो पहिला याच्यासाठी बनवला. बहुतेक लोक इथे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र थांबा, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं. हे टॉलेमीचं विश्व आहे, पृथ्वी मध्ये स्थिर आणि सूर्य, चंद्र, ग्रह, तारे सगळे तिच्याभोवती फिरणारे. टॉलेमी हा दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा माणूस, ख्रिस्ती नव्हता, त्याने हे बायबलमधून काढलेलं नव्हतं, आणि त्याच्या आधीचा अ‍ॅरिस्टॉटल तर येशूच्या जन्माच्याही तीनशे वर्षं आधीचा. म्हणजे हा सोनेरी गोल म्हणजे त्या काळचं सायन्स आहे, उत्तम दर्जाचं, हिशोबाला पक्कं, शेकडो वर्षं टिकलेलं सायन्स. हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता या फर्दिनांदोची बायको म्हणजे लोरेनची क्रिस्टिना. 1613 च्या डिसेंबरमध्ये, तेव्हा ती विधवा झालेली होती, पिसा शहरात राजघराण्याच्या नाश्त्याला गॅलिलिओचा विद्यार्थी बेनेदेत्तो कास्तेल्ली हजर होता. हा बेनेदिक्तिन मठातला संन्यासी आणि पिसाच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. गप्पा गॅलिलिओने शोधलेल्या गुरू ग्रहाच्या चंद्रांवर आल्या, आणि टेबलावर बसलेला बोस्काल्या नावाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक क्रिस्टिनाच्या कानाशी लागून म्हणाला की बाकी शोध खरे आहेत पण पृथ्वी फिरते हे शक्य नाही कारण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्याच्या विरुद्ध आहे. कास्तेल्ली नाश्ता उरकून राजवाड्याबाहेर पडतो न पडतो तोच मागून द्वारपाल धावत आला, बाईसाहेबांनी परत बोलावलंय. आणि मग क्रिस्टिनाने बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायावरून त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली, गिबोनावर सूर्य थांबला असं लिहिलंय, जो आधीच स्थिर आहे त्याला थांबवायचं काय?

मला हा प्रसंग खूप आवडतो कारण बाई काही दुष्ट नव्हती. तिचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता, माझ्या वर्गातली मुलं विचारतात तसाच. पण तो सोनेरी गोल बघितल्यावर मला जे दिसलं ते असं की तिच्या डोक्यात जे विश्वाचं चित्र होतं ते तिने शास्त्रातून घेतलेलं नव्हतं, ते तिच्या नवऱ्याने बनवून घेतलेल्या या गोलातलं होतं. त्या चित्राच्या चष्म्यातून ती यहोशवा वाचत होती आणि तिला वाटत होतं की आपण बायबलची बाजू घेतोय. खरं तर ती टॉलेमीची बाजू घेत होती. हे एवढं एक वाक्य मी या म्युझियममधून घेऊन आले, आणि ते आजच्या आपल्या भांडणांनाही लागू पडतं असं माझं ठाम मत आहे, त्यावर पुढे येते.

गॅलिलिओने कास्तेल्लीला लगेच, 21 डिसेंबर 1613 ला, लांबलचक पत्र लिहिलं आणि तेच वाढवून 1615 मध्ये थेट क्रिस्टिनाच्या नावाने लिहिलं. ते छापून आलं मात्र 1636 मध्ये, तेही इटलीत नाही, स्ट्रासबुर्गला. म्युझियम मुळात यंत्रांचं आहे, त्यामुळे या पत्रांचा मजकूर आधी वाचूनच जा, नेटवर इंग्रजीत सहज मिळतो, आणि वाचून गेलात तर प्रत्येक कपाट वेगळं दिसतं. त्यातला मुद्दा साधारण असा की शास्त्र चुकत नाही पण शास्त्राचा अर्थ लावणारा चुकू शकतो. देवाचे हात, देवाचे डोळे, देवाचा राग, देवाला पश्चात्ताप झाला, हे सगळं बायबलमध्ये आहेच की, ते आपण शब्दशः घेत नाही, कारण देवाने साध्या माणसांना समजेल अशा भाषेत बोलायचं ठरवलं. निसर्गही त्याच देवाचा, तो आपल्या नियमांनी चालतो, कुणाला समजतंय की नाही याची पर्वा करत नाही. दोन्हीकडचं सत्य एकाच देवाकडून आलेलं असेल तर ते एकमेकांच्या विरुद्ध जाणार नाही, आणि जातंय असं वाटलं तर आपण लावलेला अर्थ पुन्हा तपासायचा. त्याने संत ऑगस्टीनचा आधार घेतलाय, तोही चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप, ज्याने बजावून ठेवलंय की आकाश, पृथ्वी, ताऱ्यांबद्दल परक्या माणसाला नीट माहिती असताना ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने त्याविषयी काहीतरी चुकीचं ठोकून देत असेल, तर पुनरुत्थानाबद्दल आपण सांगतो त्यावर तो कसा विश्वास ठेवेल? हे वाक्य दर रविवारी प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. आणि तो दुसरा प्रसिद्ध विचार, की पवित्र आत्म्याला स्वर्गात कसं जायचं ते शिकवायचंय, आकाश कसं चालतं ते नाही, तो गॅलिलिओचा स्वतःचा नाही, तो कार्डिनल बारोनियोचा म्हणून सांगितला जातो. म्हणजे एका कार्डिनलचा!

2018 मध्ये गॅलिलिओने कास्तेल्लीला लिहिलेल्या त्या पत्राची मूळ प्रत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात सापडली, त्यात गॅलिलिओने स्वतःच्याच हाताने केलेल्या खाडाखोडी आहेत. शास्त्रातली काही विधानं शब्दशः घेतली तर "खोटी" ठरतात असं आधी लिहिलं होतं, ते खोडून सत्यापेक्षा "वेगळी दिसतात" असं केलं. किती जपून चालला होता हा माणूस. सायन्सवाला म्हणजे बायबल फेकून देणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मग सातवं दालन, जे बघायला सगळे येतात. गॅलिलिओच्या दोन मूळ दुर्बिणी इथे आहेत. एक कागद लावलेली लांब लाकडी नळी, दुसरी जरा आखूड, साधारण 93 सेंटीमीटरची, चामड्याने मढवून सोनेरी नक्षी केलेली, वीसेक पट मोठं दाखवणारी. शाळेच्या लॅबमध्ये आज यापेक्षा चांगली असते. आणि शेजारी ते भिंग, 1610 च्या जानेवारीत ज्यातून त्याने गुरूचे चंद्र पाहिले असं सांगतात. जेमतेम तीनचार सेंटीमीटरचा काचेचा तुकडा, तडा गेलेला, आणि त्याला 1677 मध्ये केलेली हस्तिदंती नक्षीदार चौकट, एवढ्याशा काचेला एवढी मोठी चौकट. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. गुरूभोवती चार चंद्र फिरताना दिसले म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं हे म्हणणं संपलं, आणि ते या तुकड्याने संपवलं. सोनेरी गोल आणि ही काच एकाच मजल्यावर आहेत, दोन्ही एकाच घराण्याच्या खजिन्यातले.

याच भागात काचेच्या अंडाकृती भांड्यात गॅलिलिओच्या उजव्या हाताचं मधलं बोट आहे. 1737 मध्ये त्याचे अवशेष सांता क्रोचेमधल्या (इथलं मोठं चर्च) नव्या कबरीत हलवले तेव्हा ते काढून घेतलं गेलं. अंगठा, अजून एक बोट आणि एक दात पण आहेत, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरवले होते, 2009 मध्ये पुन्हा सापडले. काही लोकांना हे बघवत नाही, लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. संतांचे अवशेष जसे चर्चमध्ये ठेवतात अगदी तसंच ठेवलंय.

आता दुसऱ्या बाजूबद्दल, कारण ती कुणीच नीट सांगत नाही. गॅलिलिओच्या विरोधात उभा राहिलेला रोमचा धर्मपंडित कार्डिनल बेलार्मिन हा आपल्या डोक्यात व्हिलन असतो. पण 12 एप्रिल 1615 ला त्याने फोस्कारिनी नावाच्या कार्मेलाइट पाद्रीला, जो पृथ्वी फिरते आणि शास्त्राशी त्याचं काही भांडण नाही असं लिहीत होता, त्याला पत्र पाठवलं. त्यात त्याने म्हटलंय की पृथ्वी फिरते याचा खराखुरा पुरावा असता तर शास्त्रातल्या त्या उताऱ्यांचा अर्थ फार काळजीपूर्वक लावावा लागला असता, आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षा आपल्यालाच ते उतारे कळलेले नाहीत असं म्हणावं लागलं असतं, पण असा पुरावा कुणी मला दाखवेपर्यंत मी तो आहे असं मानणार नाही. फिजिक्सची शिक्षिका म्हणून मला हे कबूल करावंच लागतं की 1615 ला तसा पुरावा खरंच नव्हता. गॅलिलिओने भरती-ओहोटीवरून जो पुरावा द्यायचा प्रयत्न केला तो चुकीचा निघाला, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत ते मोजता आलं 1838 मध्ये, बेसेल या खगोलशास्त्रज्ञाला. तेव्हा पुराव्याच्या बाबतीत बेलार्मिन बरोबर होता. चुकला तो दुसऱ्या ठिकाणी. अब्राहामाला दोन मुलं होती ही गोष्ट विश्वासाची बाब जशी आहे, कारण पवित्र आत्म्याने ती सांगितली, तशीच सूर्य फिरतो हीसुद्धा, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे शास्त्रातलं प्रत्येक वाक्य एकाच वजनाचं. त्यात प्रोटेस्टंट चळवळीचा धाक, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये ठरवून दिलेलं की प्राचीन धर्मपित्यांच्या एकमताविरुद्ध अर्थ लावायचा नाही, आणि इथे एक गणितज्ञ बायबलचा अर्थ शिकवतोय, तो राग पण होताच. पुढचं सगळ्यांना माहिती आहे, पृथ्वी फिरते या मतावर 1616 ची बंदी, तरीही त्याच विषयावर गॅलिलिओचं 1632 चं पुस्तक, 22 जून 1633 चा त्याच्याविरुद्धचा निकाल आणि मरेपर्यंत नजरकैद.

पण क्रिस्टिनाला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी गॅलिलिओ स्वतः काय करतो ते वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. इतकं सगळं सुंदर सांगून झाल्यावर, शास्त्र खगोल शिकवत नाही हे पटवून झाल्यावर, तो यहोशवाचा चमत्कार कोपर्निकसच्या, म्हणजे सूर्य मध्ये आणि पृथ्वी फिरणारी या पद्धतीने समजावून द्यायला बसतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे त्याच्यावरच्या डागांवरून कळलंय, त्याच्या फिरण्यामुळेच ग्रह फिरतात, म्हणून देवाने सूर्याचं फिरणं थांबवलं की सगळंच थांबलं, आणि सूर्य आकाशाच्या मध्यभागी थांबला असं लिहिलंय ते तर किती बरोबर, तो मध्यभागीच आहे! आज आपल्याला माहिती आहे की सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्याने ग्रह फिरत नाहीत. जे बोस्काल्याने टॉलेमीसाठी केलं तेच त्याने स्वतःच्या थिअरीसाठी केलं.

आणि आपण? आपल्या चर्चच्या ग्रुपवर दर आठवड्याला येतंच, यशया 40:22 मध्ये पृथ्वी गोल असल्याचं लिहिलंय बघा, ईयोब 26:7 मध्ये पृथ्वी अधांतरी टांगलेली आहे बघा, सायन्सला हे आत्ता कळलं. लोक आमेन टाकतात. त्याच ईयोबाच्या नवव्या अध्यायात पृथ्वीचे खांब थरथरतात, त्याचं काय करायचं? ते मात्र काव्य म्हणून सोडायचं. माझी कळकळीची विनंती आहे की मुलांना हे असं शिकवू नका, कारण आज जे सायन्स आपण बायबलच्या वचनात कोंबतोय ते उद्या बदललं की मुलाला वाटतं वचनच खोटं निघालं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं असं आहे, त्याबद्दलही हेच. सहा दिवस चोवीस तासांचे असं मानणारे माझ्या घरातच आहेत आणि त्यांच्या विश्वासाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तसं न मानणारा ख्रिस्तीच नाही असं जेव्हा पुलपिटवरून सांगितलं जातं तेव्हा ऑगस्टीनलाही बाहेर काढावं लागेल, त्याने तर सगळं एका क्षणात निर्माण झालं आणि दिवस ही सांगण्याची पद्धत आहे असं मांडलं होतं, आणि तेही डार्विनच्या कितीतरी शतकं आधी, म्हणजे सायन्सला घाबरून नाही. आपल्या प्रोटेस्टंट लोकांनी तर आपलाच धर्मसुधारक कॅल्व्हिन वाचावा. उत्पत्तीत चंद्राला मोठी ज्योत म्हटलंय, शनी त्याहून मोठा आहे हे त्याला माहिती होतं, आणि 1554 च्या आपल्या टीकेत तो सरळ सांगतो की मोशे साध्या लोकांच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहितो, खगोल शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं. खगोलशास्त्रज्ञ केपलर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच होता, त्यानेही 1609 मध्ये यहोशवाबद्दल साधारण हेच लिहिलं.

विरुद्ध बाजूचे जे म्हणतात की या गोष्टीत विज्ञानाने धर्माला हरवलं, त्यांनीही हे म्युझियम नीट बघावं. यात दोन्हीकडचे सगळे प्रार्थना करणारेच होते. कास्तेल्ली संन्यासी, फोस्कारिनी पाद्री, कोपर्निकस स्वतः कॅथेड्रलचा कॅनन म्हणजे चर्चचा अधिकारी, गॅलिलिओची मुलगी मारिया चेलेस्ते मठात नन. भांडण वाचायचं कसं यावर होतं.

बाकी पहिल्या मजल्यावर आकादेमिया देल चिमेंतोच्या काचेच्या वस्तू चुकवू नका, 1657 ते 1667 एवढीच दहा वर्षं चाललेली ही प्रयोग करणाऱ्यांची संस्था, पण त्यांचे ते गोल गोल वळलेले स्पायरल थर्मामीटर बघून अंगावर काटा येतो, काच फुंकून हे कसं केलं असेल! शिक्षकांनी घंट्या लावलेली उतरती फळी बघावी, गोळी सोडली की घंट्या सारख्या अंतराने वाजाव्यात म्हणून त्या लांब लांब होत गेलेल्या जागी लावलेल्या आहेत, 1, 3, 5, 7 असा हिशोब. ती गॅलिलिओच्या नंतर बनवलेली आहे पण प्रयोग त्याचाच. दुसरा मजला सुंदर आहे पण वेळ कमी असेल तर भरभर बघितला तरी चालेल, तिथे बाळंतपण शिकवायचे अठराव्या शतकातले मेणाचे आणि मातीचे मॉडेल आहेत, मेडिकलवाल्यांना आवडतील. दोन तास तरी हाताशी ठेवा. मंगळवारी दुपारी 1 वाजताच बंद करतात, त्यामुळे तो वार टाळा आणि जायच्या आधी वेबसाइटवर वेळ बघून घ्या.

इथून चालत दहा मिनिटांत सांता क्रोचे, तेही त्याच दिवशी करा. आत शिरल्यावर एका बाजूला मायकेलअँजेलोची कबर आणि समोरच्या बाजूला गॅलिलिओची. 1642 मध्ये तो गेला तेव्हा पोप अर्बन आठवा याने मोठं स्मारक बांधू दिलं नाही, म्हणून त्याला आतल्या एका छोट्याशा खोलीत पुरलं होतं, आणि 95 वर्षांनी चर्चच्या मुख्य भागात आणलं. 31 ऑक्टोबर 1992 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे सांगितलं की शास्त्राचा अर्थ कसा लावायचा या बाबतीत गॅलिलिओ त्याच्या विरोधातल्या धर्मपंडितांपेक्षा जास्त समंजस ठरला. उशीर झाला, पण इतक्या स्पष्ट शब्दांत मान्य केलं याचं मला कौतुक वाटतं.

अजून एक दिवस असेल तर शहराबाहेर आर्चेत्रीला त्याचं घर आहे, इल जोयेल्लो, जिथे तो नजरकैदेत होता आणि तिथेच वारला. ते कायम उघडं नसतं, आधी बुकिंग करावं लागतं, आणि रस्ता चढाचा आहे, आईवडील बरोबर असतील तर टॅक्सीच करा.